टाके घातलेला बंपर

गाडी चालवायला मी हौसेनं शिकले नाही. यांच्या किडन्या गेल्या आणि एक दिवसाआड कन्नडहून शहरात डायलिसिसला न्यायची वेळ आली, तेव्हा आधी आम्ही एसटीनं जात होतो. जाताना ठीक असायचं. येताना मात्र अंगातलं पाणी काढून घेतलेलं, रक्तदाब उतरलेला, पायात गोळे. एकदा कन्नडच्या स्टँडवर उतरताना हे पायरीवरच खाली बसले. कंडक्टरनं आणि मी मिळून यांना बाकावर निजवलं. त्यानंतर आमची जुनी पांढरी गाडी मी हातात घेतली. ती आधी हेच चालवायचे. आता हे शेजारी बसून मला शिकवायला लागले: क्लच कुठवर सोडायचा, गिअर कधी बदलायचा, समोरचा दिवे का मारतोय. मी घरी ब्लाउज शिवणारी बाई. शिवणयंत्राच्या पायट्यावर आयुष्यभर पाय मारले होते, त्याचा इथं काही उपयोग झाला नाही.

हे वाळूजला गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट काढणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर होते. आजार वाढला तसं काम सुटलं, शहरातलं भाड्याचं घर सुटलं आणि आम्ही कन्नडला, यांच्या गावी परत आलो. शहरातच राहायला हवं होतं हे नंतर कळलं. कन्नडात तेव्हा यांना डायलिसिसचं मशीन मिळालं नाही. भाड्याची जीप करून पाहिली, पण एक दिवसाआड ते झेपणारं नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, फोनवर रडायची. म्हणून गाडी होती, मी होते आणि शेजारच्या सीटवर हे.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी वेरूळच्या पुढं नव्या हायवेवर एक टँकर आडवा पडला होता. सगळी वाहनं जुन्या रस्त्याला वळवली होती. खुलताबाद ओलांडलं, घाट उतरलो आणि दौलताबादला येऊन अडकलो. तिथं जुना रस्ता किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातून जातो. एका वेळी एकच गाडी निघेल एवढीच वाट, आणि दोन्ही बाजूंनी माणसं आधी आपण म्हणून घुसलेली. मला एरवीही त्या दरवाजाची भीती वाटायची. त्यात आम्हाला उशीर झाला होता. डायलिसिसला प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. आपण उशिरा पोचलो तर आपल्या वाटणीची वेळ कापली जाते, कारण पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो.

माझी पाळी आली तशी मी गाडी आत घातली. अर्ध्यात गेले तोच समोरून सहलीच्या पोरांची एक छोटी बस तोंड आत घालून उभी राहिली. तिला मागं सरता येईना, कारण तिच्यामागं रांग. मी डावीकडं घेतलं, अजून थोडं घेतलं, आणि बंपरचा कोपरा दरवाजाच्या दगडाला लागला. खरं तर तेवढंच झालं असतं तर चरा पडून भागलं असतं. पण मी घाबरले आणि गाडी मागं घेतली. दगडाच्या कंगोऱ्यात अडकलेला बंपर तसाच धरून राहिला आणि गाडी मागं आली. कापड फाटावं तसा मोठा आवाज झाला. "मागं घेऊ नको," असं हे म्हणाले होते म्हणे. यांचं तोंड तेव्हा सदा कोरडं असायचं, आवाज बाहेरच पडायचा नाही. मला ऐकू आलं नाही.

उतरून पाहिलं तर बंपर मधोमध तडकला होता. डावी बाजू क्लिपांतून निघून खाली लोंबत होती आणि तिचं टोक चाकाला घासत होतं. मागून हॉर्न वाजत होते. कन्नडच्याच एका जीपवाल्यानं उतरून पायानं तो बंपर वर रेटला आणि म्हणाला, "ताई, बांधा कायतरी अन् निघा, न्हाय तर इथंच रात व्हईल." बांधायला काय होतं? यांना उलटी होते म्हणून एक टॉवेल सदा गाडीत असायचा. मी तो काढला, हेडलाइटच्या खालच्या फटीतून ओवला आणि गाठ मारली. हे आत तसेच बसून होते, दोन्ही हात मांडीवर. मी परत बसले तेव्हा यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शरणापूर, मिटमिटा, पडेगाव, छावणी, एवढा सगळा रस्ता मी चाकाचा घासण्याचा आवाज ऐकत गेले.

यांची वेळ अर्धी कापली गेली होती. सिस्टरनं यांचं वजन केलं, कपाळाला आठी घातली, आणि जमेल तेवढं पाणी काढू म्हणाली. परतताना यांचे पाय चपलेत मावत नव्हते.

पुढच्या खेपेला यांना मशीनवर झोपवलं आणि मी गाडी घेऊन बाहेर पडले. आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या माणसानं गाडीभोवती चक्कर मारली आणि सांगितलं की हे मॉडेल बंद झालंय. बंपर मागवावा लागेल, तो रंगाशिवाय येतो, आल्यावर रंग, मग बसवणं. तोवर गाडी इथं सोडून जा. मी म्हटलं, गाडी सोडता येत नाही. तो म्हणाला, मग बंपर आल्यावर सोडा. मी म्हटलं, तेव्हाही सोडता येणार नाही. त्याला वाटलं मी भांडतेय. मी भांडत नव्हते. एक दिवसाआड म्हणजे काय हे त्याला सांगायचं होतं, पण न सांगताच निघून आले.

तिथून एका गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं गेले. म्हातारा माणूस होता, बोलायला मऊ. त्यानं ऐकून घेतलं. मग जीभ टाळ्याला लावून चुकचुकला. "भाभी, करता मैं. लेकिन पेंट सुखने को टैम लगता, गाडी मेरे पास छोडनी पडेगी." दोन डायलिसिसच्या मधला जो एक दिवस, त्यात हे दिवसभर झोपून असतात आणि मला शिलाई उरकायची असते. त्या दिवशी गाडी इथं आणून सोडली तर परत कन्नडला एसटीनं जायचं, दुसऱ्या दिवशी यांना कशानं आणायचं? मग तो म्हणाला, जुन्या मालाच्या बाजारात याच मॉडेलचा एखादा धड बंपर मिळाला, तर रंग कुठलाही असो, उभ्या उभ्या बसवून देतो.

मग मी त्याही बाजारात फिरले. पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची दारं, काचा, सीटा रचून ठेवलेल्या, आणि वर बंपर आडवे टांगलेले. एक लाल सापडला. मी तो मागच्या सीटवर तिरका घातला, त्याचं एक टोक खिडकीतून बाहेर. गल्लीत परत गेले तेव्हा मनात थोडं हलकं वाटत होतं. म्हाताऱ्यानं आमचा फाटका बंपर काढला, लाल लावून पाहिला, पुन्हा काढला, खाली बसून आतून पाहिला. मॉडेल तेच, पण वर्ष वेगळं. पकडायच्या जागाच जुळत नव्हत्या. खाली गाडीचं तोंड उघडं पडलं होतं, रेडिएटरची जाळी, वायरी, सगळं. घड्याळाकडं पाहिलं तर यांचं मशीन थांबायची वेळ झाली होती.

त्याच्या टपरीमागं पाण्याची टाकी होती, तिच्याआड उभी राहून मी रडले. फार वेळ नाही. तोंड धुतलं आणि त्याला म्हटलं, तसंच जाऊ द्या. त्यानं आमचा फाटका बंपर मागच्या सीटवर ठेवून दिला, लाल स्वतः परत करतो म्हणाला आणि सावकाश चालवायला सांगितलं. चाकावरचं आतलं पातळ आवरण बंपरला धरलेलं असतं, ते आता मोकळं झालंय, ते बघा म्हणाला. मी बघते म्हटलं. बघण्याची शुद्ध नव्हती.

खुलताबादच्या अलीकडं, घाट चढून वर आलो तेव्हा, तेच झालं. हायवे मोकळा झाला होता, पण घाईत मी चुकून जुन्याच रस्त्याला लागले होते. वाऱ्यानं ते आवरण फडफडत होतं, मग एकदम चाकाखाली गेलं आणि गुंडाळलं. गाडी कडेला घेतली. जॅक कसा लावायचा हे मला येत नव्हतं. मी चाक पूर्ण वळवलं, रस्त्यावर मांडी घातली आणि ते प्लास्टिक दोन्ही हातांनी ओढत राहिले. ते तुकड्यातुकड्यानं निघत होतं. तळहात फाटला. ट्रक जायचा तेव्हा धूळ आणि खडे अंगावर यायचे. डायलिसिस झालेल्या माणसाला बसवत नाही, तरी हे दार उघडून उतरले होते आणि गाडीला धरून उभे होते. किती वेळ मला बघत होते कुणास ठाऊक.

शेवटचा तुकडा निघाल्यावर मी उठले तेव्हा हे म्हणाले, "बास झालं आता. मला नको नेऊ."

मला वाटलं, आजचं बोलतायत. मी यांना आत बसवलं आणि गाडी घरी आणली. मधला दिवस गेला. न्यायच्या दिवशी सकाळी मी अंघोळीचं पाणी काढलं, डबा भरला, आणि यांना उठवायला गेले. हे जागेच होते, भिंतीकडं तोंड करून. मी येत नाय, एवढंच म्हणाले. मी समजावलं, ओरडले, हात जोडले. मुलीला फोन लावून यांच्या कानाशी धरला, तर यांनी तो उशीखाली सारला. मी म्हटलं, "मग मी काय करू, सांगा." हे म्हणाले, "तू शिव. तुझं तुला काम हाय."

आणि मग यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. कितीतरी महिने यांनी घोट घोट पाण्यावर काढले होते, बर्फाचा खडा चोखून तहान मारली होती. त्या सकाळी हे उठून बसले, उशाचा तांब्या दोन्ही हातांनी उचलला, तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला. गळ्याची घाटी वर-खाली होताना मी बघत होते. तांब्या खाली ठेवून यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. काहीच नव्हतं.

मी केंद्रात फोन केला. सिस्टर म्हणाली, संध्याकाळपर्यंत कधीही आणा, मी बघते, पण आणा. मी यांना ते सांगितलं. हे पुन्हा आडवे झाले होते.

दुपारपर्यंत मी स्वयंपाकघरात बसून यांचा श्वास ऐकत होते. शेजारच्या माणसांना बोलावून यांना उचलून गाडीत घालता आलं असतं. पण चार तास सुया टोचून घेत त्या खुर्चीत राहायचं तर माणसाची स्वतःची मर्जी लागते. उचलून नेलेला माणूस सुया काढून फेकतो, तसं एकदा तिथं पाहिलं होतं. मग मला सुचलं की रात्री काही झालं तर यांना आडवं करूनच न्यावं लागेल, आणि मागच्या सीटवर तर बंपर आहे. मी उठले आणि तो ओढत घरात आणला. अंगणात ठेवला असता तर शेळ्यांनी तुडवला असता, एवढाच हेतू. यांच्या खाटेजवळच जागा होती, तिथं मी तो पालथा टाकला आणि परत स्वयंपाकघरात गेले.

बऱ्याच वेळानं यांचा आवाज आला. मला हाक मारत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. जाऊन पाहिलं तर हे कुशीवर वळून बंपरच्या आतल्या अंगावर बोट फिरवत होते. तिथं साच्यातून उमटलेली बारीक अक्षरं होती आणि एक गोल खूण. "आमच्या कारखान्यातला नाय हा," म्हणाले. मग तडकलेल्या जागी नख लावून म्हणाले, "इथं जाड पाहिजे हुता. पातळ ठिवला."

मी विचारलं, हा सांधता येईल का. म्हणाले, येईल, पण चिकटवून नाय. हे प्लास्टिक कुठलाच डिंक धरत नाय, त्याला वितळवून एकमेकांत मुरवावं लागतं. कशानं, विचारलं तर पेटीतलं सोल्डरिंगचं आयर्न काढायला सांगितलं. हे पूर्वी त्यानं घरातले रेडिओ आणि टॉर्च दुरुस्त करायचे.

बरं वाटून उठले होते असं समजू नये. यांना बसवतही नव्हतं. मी पाठीला उशा लावल्या. आधी फटीच्या दोन्ही कडा एकमेकांशी जुळवून मी गुडघ्यानं दाबून धरल्या. कडेकडेनं तापलेल्या टोकानं भोकं पाडायची, त्यातून पातळ तार ओवून ओढून घ्यायची, असं यांनी सांगितलं. ते मला शिकवावं लागलं नाही, टाका म्हणजे टाकाच. मग जुनी पिठाची चाळणी फोडून तिची जाळी आतून लावायची आणि वितळवून प्लास्टिकमध्ये बसवायची. जाळी कापायला मी माझी कापडाची कात्री घेतली. त्या कात्रीनं मी कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता कुणाला.

आयर्न यांनी हातात घेतलं. डाव्या हातात डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या, त्या दोरीसारख्या फुगलेल्या असतात, त्यांना धक्कासुद्धा लागू द्यायचा नसतो. उजव्या हातात आयर्न थरथरत होतं आणि त्याचं टोक त्या शिरांच्या जवळून जात होतं. मी म्हटलं, द्या माझ्याकडं. हे देईनात. धूर निघत होता, खोलीभर जळका वास. थोडं केलं आणि यांना उलटी आली. पाणी आणि पिवळं पित्त. मी पुसलं, खिडकी उघडली, आणि मग यांनी आपणहून आयर्न माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटले. पुढचं मी केलं. मध्येच हे डोळे उघडून सांगायचे, लई दाबू नको, पार व्हईल. फट भरायला बंपरच्याच आतल्या काठाची पट्टी कापून वितळवली. एका जागी आरपार भोक पडलंच. संध्याकाळी ते काम संपलं तेव्हा तो बंपर जखमेवर घाईत शिवलेल्या कातड्यासारखा दिसत होता.

दिवा लावायच्या वेळेला यांना आडवं झोपता येईना. हे उठून बसले, खाटेचा काठ धरला, खांदे वर-खाली व्हायला लागले. सकाळचं ते पाणी आता छातीत चढत होतं. मी समोर उभी राहिले. बऱ्याच वेळानं हेच म्हणाले, "गाडी काढ. मला दम घेता येईना." नंतर एकदा यांनी मला सांगितलं की मरायची तयारी झाली होती, गुदमरायची नव्हती.

बंपर बसवण्याइतका वेळ होता का, तर नव्हता. पण उघड्या तोंडाची गाडी पुन्हा रस्त्यात थांबली तर हे संपले असते. मी बंपर जागेवर टेकवला, ज्या क्लिपा शाबूत होत्या त्या ठोकून बसवल्या, बाकी जागी वायरी बांधायचे प्लास्टिकचे पट्टे आणि तार घालून आवळला. शेजारच्या बाईनं टॉर्च धरला. तिनंच यांना उचलून पुढच्या सीटवर बसवायला हात दिला. आडवं होता येत नव्हतं, मागची सीट रिकामी केली ती तशीच राहिली. हे दोन्ही हात पुढच्या डॅशबोर्डवर टेकवून, वाकून बसले. खिडक्या सगळ्या खाली. नव्या हायवेनं मी निघाले. पाय बरोबर चालत होते. यांचा श्वास नाकातून, तोंडातून, शिट्टीसारखा वाजत होता. वेरूळ गेलं. पुढं एक खड्डा आला आणि समोरून खडखड झाली. मी यांच्याकडं पाहिलं. हे मान न वळवता म्हणाले, "धरून हाय. चल."

सिस्टर घरी गेली होती, पण तिनं निरोप ठेवला होता. दुसऱ्या सिस्टरनं यांना दारातच ऑक्सिजन लावला, खुर्चीत बसवून सुया घातल्या. मला बाहेर काढलं. डॉक्टर नंतर म्हणाले की फुप्फुसात पाणी भरलं होतं, फार ताणलं तुम्ही. मी मान डोलावली. बाहेर पायरीवर बसले तेव्हा लक्षात आलं की बोटांच्या टोकांना प्लास्टिक चिकटून वाळलंय, आणि मी ते दातानं काढत बसले होते.

हे वाचले. म्हणजे त्या दिवशी वाचले. आमचं सगळं तसंच चालू आहे. सुया, तहान, पायांतले गोळे, रस्ता. अजूनही मधूनच एखादी सकाळ येते की हे भिंतीकडं तोंड करून पडून राहतात आणि मी येत नाय म्हणतात. मी आता समजावत नाही, ओरडत नाही, मुलीला फोन लावत नाही. मी गाडी दारात आणते, शेजारच्या सीटचं दार उघडते आणि आत बसून राहते. इंजिन चालू ठेवते. घराच्या दाराकडं बघायचं नाही असं ठरवलेलं असतं, तरी बघते. कधी लवकर, कधी खूप उशिरानं, भिंत धरत धरत हे बाहेर येतात. आजपर्यंत प्रत्येक वेळी आलेत.